‘ह्यांचं’ आणि ‘द्यायचं’

“छाटल्याशिवाय वाढ नाही. हे झाडाला लागू आहे, माणसाला लागू आहे आणि देशालाही लागू आहे!”

शनिवारी सकाळी दहा वाजता जेवणाच्या टेबलावर जुना आणि नवा असे दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडून छाटणीसाहेबांनी हे जाहीर केलं, आणि पहिल्याच फटक्याला जावयाच्या आईच्या साठाव्या वाढदिवसाचे दोनशे अकरा फोटो उडवले. ते चुकून झालं की मुद्दाम, यावर घरात आजही दोन मतं आहेत. बायकोने ओले हात पदराला पुसले, पडद्यावरच्या कचरापेटीच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली आणि विहीणबाईंना जशाच्या तशा बाहेर काढलं. तेवढा वेळ देशाची वाढ खोळंबली.

छाटणीसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एकतीस वर्षं ते एका मोठ्या सार्वजनिक बागेचे अधीक्षक होते, आणि वाढलेली फांदी दिसली की त्यांना चैन पडत नसे. हाताखालच्या माळ्यांनी हे नाव ठेवलं. साहेबांच्या कानावर ते गेलं थेट निरोपसमारंभात, तेही मुख्य वक्त्याच्या तोंडून, माइकवर. वक्ता घामाघूम झाला. साहेबांना मात्र नाव आवडलं. त्यात पगार नसला तरी हुद्दा होता.

निवृत्तीनंतर तीन महिन्यांत एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत त्यांचं सदर सुरू झालं: ‘विचारा, सांगतो’. वाचक आपल्या आजारी झाडांबद्दल विचारत, साहेब सांगत. सहा वर्षं, तीनशे सहा उत्तरं. सदर तीन महिन्यांपूर्वी थांबलं, कारण आता वर्तमानपत्रच त्याचं पुस्तक काढणार होतं. आज संध्याकाळी सहापर्यंत सगळा मजकूर संपादिकाबाईंकडे मेलने पोचायला हवा होता, नाहीतर पुस्तक पुढच्या वर्षावर जाणार होतं. या वयात पुढचं वर्ष म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी. मिळेल, पण आपल्या हातात नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ही सहा वर्षं साहेबांना अक्षर दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणत, अर्ध्या तासाचं काम आहे. पण आयुष्यभर दुसऱ्यांवर कात्री चालवलेला माणूस स्वतःच्या डोळ्याजवळ कुणाला पातं आणू देईल होय? दर वर्षी ते म्हणायचे, “पिकू दे अजून.” शेवटी एकदा दाराच्या चौकटीला नमस्कार करून “या, बसा” म्हणाले, तेव्हा लेकीने त्यांना धरून नेलं. त्याला आता महिना झाला होता. जगाला अचानक कडा आल्या होत्या.

तोवर सदराची पद्धत ठरलेली होती. बुधवारी दुपारी बायको वाचकांची पत्रं वाचून दाखवी. साहेब डोळे मिटून उत्तर सांगत, ती टाइप करी आणि पाठवून देई. पत्रं वाचताना साहेबांचा एकच नियम होता: “मुद्द्याचं वाच. झाडाचं वाच. घरगुती रडगाणी नकोत.” मग रविवारी सकाळी चहाबरोबर ती पेपर उघडून छापून आलेलं उत्तर मोठ्याने वाची. साहेब एखाद्या वाक्याला “वा!” म्हणत, जणू ते दुसऱ्याच कुणाचं असावं. कात्रणं ठेवायची पद्धत नव्हती. “कागद साठले की झुरळं होतात,” असं बायको म्हणे. साहेबांना हा विचार फार पटे.

“बाबा, आधी जुन्यातला कचरा काढा,” नवा लॅपटॉप देताना लेक म्हणाली होती. “नको असलेली एकही फाइल नव्यात घ्यायची नाही. नाहीतर उकिरडा तोच, फक्त जागा बदलली.”

साडेअकराला बायको भाजी आणायला निघाली. दारातून म्हणाली, “‘सदर’ नावाचं फोल्डर आहे ना, त्याला हात लावू नका. ते मी आल्यावर बघते.”

बायको जिन्याच्या पहिल्या वळणावर पोचली नसेल, तोवर साहेबांनी ‘सदर’ उघडलं होतं.

आत तीन फोल्डरं होती. ‘पत्रं’, ‘ह्यांचं’ आणि ‘द्यायचं’. पहिलं कळलं. उरलेल्या दोन्हींत तीनशे सहा, तीनशे सहा फाइली. साहेबांचा चेहरा उजळला. एकच गोष्ट दोनदा ठेवलीय! याला म्हणतात बायकी साठवण. आता यातलं एक फोल्डर साफ. पण साहेब कच्चे नव्हते. फांदी छाटण्याआधी नखाने साल जराशी खरवडून बघायची असते, आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. त्यांनी दोन्हींतली एकेचाळीस नंबरची फाइल उघडली आणि शेजारी शेजारी ठेवली.

‘ह्यांचं’मध्ये होतं: “तुमचं लिंबाचं झाड मेलेलं आहे. तुम्ही ते पाणी घालून घालून मारलंत. उपटून टाका. नवं लावण्याआधी स्वतःला एकदा विचारा, की आपल्याला झाड हवंय की नुसता पाणी घालायचा छंद आहे.”

वा! साहेब मनात म्हणाले. काय धार आहे.

‘द्यायचं’मध्ये होतं: “तहान नसताना तुमच्या झाडाला पाणी मिळालं, एवढंच झालंय. ही चूक आपलीच माणसं करतात, परकी कधी करत नाहीत. पंधरा दिवस पाणी थांबवा, बुंध्याजवळची माती मोकळी करा. फुटलं तर फुटलं. नाहीच फुटलं, तर तुमचं प्रेम कमी पडलं असं मात्र समजू नका.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ‘प्रेम’ हा शब्द त्यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत एकदाच वापरला होता, तोही एका पाटीवर: ‘प्रेमी युगुलांना हिरवळीवर बसण्यास मनाई आहे.’

त्यांनी बेचाळीस उघडली. सत्तर उघडली. एकशे बारा उघडली. ‘ह्यांचं’मध्ये “तुमच्या गुलाबाला रोग नाही, तुम्हाला घाई आहे” असेल, तर ‘द्यायचं’मध्ये “गुलाब जरा मानी असतो, त्याला थोडा वेळ द्या”. ‘ह्यांचं’मध्ये “असला प्रश्न विचारायला धीर लागतो” असेल, तर ‘द्यायचं’मध्ये “बरं झालं विचारलंत”. सल्ला बहुतेक ठिकाणी तोच होता. पण तो देणारा माणूस वेगळा होता. आणि त्या माणसाला साहेब ओळखत नव्हते.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. मागे बँकेत नाव पुकारल्यावर रांगेतल्या एका अनोळखी बाईने त्यांचे दोन्ही हात धरले होते. आवाज ओला. “तुमच्या शब्दांनी धीर आला हो. लिंबू फुटलं.” साहेबांनी मान डोलावली होती. जुनं उपटलं असणार, नवं लावलं असणार, ते फुटलं असणार. घरी येऊन म्हणाले होते, “बघ, लोकांना स्पष्ट बोलण्याची भूक असते.” बायको “हो ना” म्हणाली होती आणि चहा गाळत राहिली होती.

ते ‘हो ना’ आता साहेबांच्या छातीत काट्यासारखं घुसलं.

त्यांनी मेल उघडली. संपादिकाबाईंची शेकडो उत्तरं ओळीने होती. “काकू, या वेळचं फार सुरेख.” “काकू, मूळ वाचून ऑफिसात सगळे पोट धरून हसले, तुमचं वाचून गप्प झाले.” “काकू, साहेबांना शंका नाही ना आली?”

म्हणजे संपादिकेला ठाऊक होतं. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी लेकीला फोन लावला.

“तुझी आई माझं लिखाण बदलत होती. तुला माहीत होतं?”

लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही ‘सदर’ उघडलंत?”

“म्हणजे माहीत होतं!”

“अहो, मला वाटायचं तुम्हालाही माहीत आहे. माहीत असून नसल्यासारखं दाखवताय, असं वाटायचं.”

“एवढा मोठेपणा मी कधी दाखवलाय?”

“तेही खरंच,” लेक म्हणाली आणि आपल्याला मीटिंग आहे असं सांगून तिने फोन ठेवला. शनिवारी.

कुलपात किल्ली फिरली. बायको आत आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि टेबलाकडे एक नजर टाकून म्हणाली, “हात लावू नका म्हटलं होतं.”

“सहा वर्षं,” साहेब म्हणाले. आवाज चढवायचा त्यांचा बेत होता, पण तो चढेना. “सहा वर्षं माझ्या नावाखाली तू लिहीत होतीस. माझ्या घरात, माझ्यासमोर बसून.”

“पहिलं तुमचंच पाठवलं होतं. शब्द न् शब्द. आठवतं पहिलं?”

“न आठवायला काय झालं? फर्न. ‘झाडं सांभाळणं जमत नसेल तर प्लास्टिकची आणा.’”

“तेवीस पत्रं आली त्याच्यावर. एकांनी तर पेपरच बंद केला. संपादिकाबाईंनी मला फोन केला, म्हणाल्या, काकू, सदर थांबवावं लागेल, तुम्हीच सांगा साहेबांना हळूच. तुम्हाला निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. दिवसभर गॅलरीतल्या कुंड्यांना झापत बसायचात. मी म्हटलं, एक आठवडा द्या मला.”

“मग मला सांगायचं.”

“सांगितलं असतं तर काय केलं असतंत?”

“राजीनामा फेकला असता तोंडावर!”

“आणि?”

साहेबांनी ‘आणि’चा विचार केला. आणि गॅलरी.

“मी तीस वर्षं इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत बसले,” बायको खुर्ची ओढून समोर बसली. “डॉक्टर आतून येऊन सांगायचे, ‘काही राम नाही.’ खिडकीबाहेर पेशंटची आई उभी. तिला मी तसंच सांगायचं? खोटं कधी बोलले नाही मी. त्यांचंच सांगायचे, पण ऐकवेल असं. तेच इथे केलं.”

“मी डॉक्टर नाही. आणि तुझी खिडकीही नाही. मी नवरा आहे.” साहेब थांबले. खरं दुखत होतं ते वेगळंच होतं, आणि ते बाहेर येताना त्यांची मान खाली गेली. “बदललंस ते एक वेळ सोड. पण रविवारी? तू पेपर धरून वाचायचीस गं. माझं वाचायचीस. ते तर छापलेलंच नसायचं.”

टेबलावरचा नसलेला कण बायकोने बोटाने झाडला.

“पेपरच्या आत तुमचा कागद असायचा,” ती म्हणाली. “आदल्या रात्री छापून ठेवायचे.”

“तीनशे पाच रविवार!”

“एकदा कागद खाली पडला होता. तुम्ही म्हणालात, काय पडलं गं? मी म्हटलं, जाहिरात.”

“आणि हसायचीस ते? माझ्या वाक्यांना मध्येच हसायचीस, तेही नाटक?”

“ते नाही. ते खरं होतं. मला हसू यायचंच तुमच्या लिहिण्याचं.”

“मग छापलं का नाहीस?”

“मला हसू यायचं, कारण झाड माझं नव्हतं,” बायको म्हणाली.

साहेबांनी घड्याळ बघितलं. दोन वाजले होते.

“आज माझं जाणार,” ते म्हणाले. “‘ह्यांचं’ जाणार. पुस्तकावर नाव माझं आहे, आत माणूसही मीच हवा. मग पडू देत तेवीसशे पत्रं.”

“पाठवा की,” बायको उठली. “तुमचं नाव, तुमचं पुस्तक. मी मध्ये पडणार नाही. जेवून घ्या फक्त.”

जेवण न बोलता झालं. ज्याचा विश्वासघात झालाय त्याने दुसऱ्यांदा भात मागू नये, असं साहेबांना वाटत होतं, म्हणून त्यांनी ताट पुढे सरकवलं आणि तोंडाने मागितला नाही. बायकोने वाढला.

तीन वाजता ते मेल लिहायला बसले. ‘ह्यांचं’ जोडलं. पाठवायला बोट उचललं, पण उत्तरांबरोबर वाचकांचे प्रश्नही जायला हवेत, नाहीतर ‘उपटून टाका’ म्हणजे काय उपटून टाका ते कळणार कसं? म्हणून त्यांनी ‘पत्रं’ उघडलं. नखाने साल खरवडावी म्हणून पुन्हा एकेचाळीस.

सहा वर्षांपूर्वी बायकोने या पत्रातून वाचून दाखवलं होतं एवढंच: “लिंबाची पानं पिवळी पडून गळताहेत. पाणी भरपूर देते.” ती ओळ पत्रात होती. पण तिच्या वर आणि खाली आणखी मजकूर होता.

“हे झाड माझ्या मुलाने शाळेत असताना लावलं. तो आता नाही. घरात त्याचं म्हणून जिवंत असलेलं एवढंच आहे. दिवसातून तीनदा पाणी घालते, कारण दुसरं काय करायचं ते कळत नाही.”

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग ‘ह्यांचं’मधलं आपलं उत्तर वाचलं. सकाळी ज्याला धार म्हणाले होते, त्या वाक्याशी आल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. सहा वर्षं मिटलेलेच होते, त्यामुळे सवयीचं होतं.

“हे मला का नाही वाचून दाखवलंस?” ते मोठ्याने म्हणाले.

“कुठलं?” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“लिंबू.”

पातेलं खाली ठेवल्याचा आवाज झाला. “‘घरगुती रडगाणी नकोत’ असं कोण म्हणायचं?”

“अगं, एकदा तरी मोडायचा नियम! माझ्याकडून असलं वदवून घेतलंस. त्या बाईला, ‘छंद’!”

“बोललात माझ्यापाशी. तिच्यापर्यंत कुठे गेलं?” बायको दारात येऊन उभी राहिली. “आणि वाचलं असतं, तर काय सांगितलं असतंत तिला?”

साहेबांनी भिंतीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं.

“पाणी कमी घाला, म्हणालो असतो.”

“तेच लिहिलं मी. जरा लांबवून.”

साहेबांनी मेलला जोडलेलं ‘ह्यांचं’ काढलं आणि ‘द्यायचं’ जोडलं. यात क्षमा नव्हती. क्षमा करायला माणसाकडे थोडी तरी उंच जागा लागते, आणि आज सकाळपासून त्यांच्या पायाखालची एकेक पायरी निघत चालली होती. संपादिका, लेक, पेपरचं ऑफिस, बँकेतली बाई. सगळ्यांच्या ओळखीचा एक भला माणूस त्यांच्या नावाने गावभर हिंडत होता, आणि त्याची ओळख करून द्यावी असं कुणाला वाटलं नव्हतं.

मग त्यांनी ‘ह्यांचं’वर बाण नेला आणि डिलीटच्या बटणावर बोट ठेवलं. छाटायचंच ना? मेलेली फांदी हीच.

“ते नाही,” बायको पुढे आली आणि तिने त्यांचं मनगट धरलं. “ते नव्यात घ्यायचंय.”

“कशाला? काय उपयोग त्याचा?”

“उपयोग कशाला हवा? ते माझं आहे. तुम्ही मला सांगितलेलं आहे ते.”

हे ऐकून बरं वाटावं की आणखी वाईट, ते साहेबांना ठरवता येईना. त्यांनी हात काढून घेतला. पण बटणही दाबलं नाही.

उरली होती मेल. साहेब ताठ बसले. ही मेल ते स्वतः लिहिणार होते, कुणालाही न सांगता, न बदलता. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत त्यांना अडीच तास लागले. बायकोने दोनदा डोकावून पाहिलं, दोन्ही वेळा त्यांनी पडद्यावर हात आडवा धरला. सहाला दहा मिनिटं असताना मजकूर पुरा झाला.

“महोदया, सोबत पुस्तकाचा मजकूर. आजवर माझ्या नावाने छापून आलेल्या तीनशे सहा उत्तरांपैकी तीनशे पाच माझी नाहीत. एक माझं आहे, ज्यामुळे एका गृहस्थांनी आपला पेपर बंद केला. वाचकांची सहा वर्षं फसवणूक झाली आहे. त्यातला पहिला फसलेला वाचक मी आहे. हे सत्य पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापावं, अन्यथा पुस्तक काढू नये. होणाऱ्या परिणामांना मी तयार आहे.”

पाठवली. नंतर ते हात मांडीवर ठेवून, शिक्षा ऐकायला उभा असलेला आरोपी बसला तर जसा बसेल तसे बसले. पुस्तक रद्द होईल. पुरवणीत जाहीर माफी छापून येईल. बँकेत आता कुणी हात धरणार नाही. संपादिकाबाई कदाचित फोन करतील, रडतीलही. बायको शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. तिला त्यांनी मना केलं नाही.

चार मिनिटांनी उत्तर आलं. साहेबांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी, मोठ्याने वाचलं.

“साहेब, मजकूर मिळाला, वेळेत पाठवल्याबद्दल आभार. बाकीचं आम्हाला पहिल्यापासून माहीत आहे, पहिल्या पानाचं काकूंशी बोलून ठरवू. मागच्या पानासाठी तुमचा एक फोटो तेवढा लागेल. शक्यतो हसरा.”